आजोबांचे दार आणि आईचा कप

पत्राचा सारांश

नाशिकच्या ५२ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे बालपण पंचवटीत, काळाराम मंदिराजवळच्या वाड्यात गेले. आता त्या इंदिरानगरला राहतात, दुपारी शिकवण्या घेतात आणि पहाटे घर जागे होण्याआधी लिहितात. त्यांचे ललित लेख अधूनमधून दिवाळी अंकांत येतात. त्यांच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. १९३० च्या मंदिर प्रवेश सत्याग्रहाच्या वेळी त्यांच्या आजोबांनी, म्हणजे ज्यांना सगळे घर ‘दादा’ म्हणत असे त्यांनी, सत्याग्रहींना वाड्यातल्या आडाचे पाणी दिले, अशी ती गोष्ट. यंदा चैत्रात ८४ वर्षांच्या आत्या फुलवाती वळत बसल्या असताना हा विषय निघाला, तेव्हा हातातले काम न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘दादा कसले पाणी देतात! ते दार लावून आत होते.’’ या वाक्याने अस्वस्थ होऊन भगिनींनी लेख लिहिला. वाड्यात झाडलोटीला येणाऱ्या बाईंसाठी ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला कानतुटका कपही त्या लेखात आला. थोरल्या भावाने लेख वाचून सुनावले, ‘‘तुझा देवावरचा विश्वास उडाला, त्यात घराण्याला चव्हाट्यावर कशाला आणतेस?’’ ७८ वर्षांच्या आई म्हणाल्या, ‘‘दादांची बदनामी नको. मी आहे तोवर हे छापू नकोस.’’ भगिनी विचारतात की हे लिहावे की लिहू नये, पूजाअर्चा सुटलेल्या माणसाला आजीच्या भक्तीविषयी लिहिण्याचा अधिकार उरतो का, आणि घरच्या आठवणी वगळल्या तर आपल्याजवळ लिहिण्यासारखे राहते तरी काय. पत्रासोबत त्यांनी लेखाचा खर्डाही पाठवला आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र आणि खर्डा दोन्ही वाचले. खर्ड्याची पहिली दोन पाने उत्तम आहेत. दुधाच्या वाटीत बोट बुडवून कापसाला पीळ देणाऱ्या, मध्येच चष्मा कपाळावर सरकवून झालेल्या वाती मोजणाऱ्या आत्या तिथे जशाच्या तशा दिसतात. तिसऱ्या पानापासून मात्र लेखाचा सूर बदलतो. ‘सत्य अखेर आत्याच्या तोंडून बाहेर पडले’ असे वाक्य येते आणि तिथून पुढे तुम्ही घरात बसून लिहीत नाही, सभेत उभ्या राहून बोलता. भावाला राग आला तो तुमच्या अश्रद्धेचा, असे तुम्हाला वाटते. मला वाटते, त्या रागात या बदललेल्या सुराचाही वाटा असावा. म्हणून लिहावे की लिहू नये या प्रश्नाआधी, तुम्हाला नेमके काय ठाऊक आहे ते पाहू.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि नाशिकमध्ये तो भाऊराव, म्हणजेच दादासाहेब, गायकवाडांनी नेटाने चालवला. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही त्या बंद दरवाजांसमोर बसले. त्याच वर्षी रथोत्सवाच्या दिवशी मारहाण आणि दगडफेक झाली. ‘सत्याग्रहाच्या वेळी’ असे आपण सहज म्हणतो, पण तो एका दिवसाचा किंवा एका महिन्याचा मामला नव्हता. थांबत, पुन्हा सुरू होत तो लढा पुढची काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तोपर्यंत मंदिराचे दार उघडले नव्हते. तुमच्या पत्रावरून दादा तेव्हा पंचविशीचे असावेत. पंचविशीतल्या माणसाने पाच वर्षांत एका दिवशी पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी दार लावले, असे होऊ शकत नाही का? दोन्ही गोष्टी खऱ्या असण्याची शक्यता तुमच्या लेखात कुठेच येत नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

शिवाय आत्यांचा जन्म १९४१ च्या आसपासचा आणि तुमच्या वडिलांचा १९३८ चा. पाण्याची गोष्ट सांगणारे वडील आणि दाराची गोष्ट सांगणाऱ्या आत्या, या दोघांनीही यातले काही डोळ्यांनी पाहिलेले नाही. दोघांनीही ते कोणाकडून तरी ऐकले, बहुधा तुमच्या आजीकडून, आणि कदाचित वेगवेगळ्या वयात, वेगवेगळ्या प्रसंगी. मग वडिलांची गोष्ट खोटी आणि आत्यांची खरी, हे तुम्ही कशावरून ठरवले? अप्रिय गोष्ट ऐकली की ती दडवून ठेवलेली होती असे वाटते, आणि दडवलेले ते खरेच असणार अशी आपली पटकन खात्री पटते. लिहिणाऱ्या माणसाने या खात्रीपासून थोडे दूर राहावे.

आणखी एक गोष्ट. आत्या म्हणाल्या, ‘‘दार लावून आत होते.’’ कोणते दार? तुम्ही ते मंदिराचे दार समजलात आणि पुढची चार पाने त्या समजुतीवर उभी केलीत. तुमच्याच वर्णनानुसार वाडा मंदिरापासून हाकेच्या अंतरावर होता. रस्त्यावर दगड पडू लागल्यावर वाड्याचा दिंडी दरवाजा आतून लावून बसलेला तरुण आणि सत्याग्रहींना अडवण्यासाठी मंदिराच्या आत उभा राहिलेला तरुण, ही दोन अगदी वेगळी माणसे आहेत. पहिला भित्रा म्हणता येईल किंवा नुसता सावध, दुसरा पक्ष घेतलेला. आत्यांना हा प्रश्न तुम्ही विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. तो विचारा, आणि विचारताना उत्तर सुचवू नका.

कागदोपत्री शोधायचे असेल तर नाशिककरांची सोय बरी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे आणि तिथे जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा साठा आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत या सत्याग्रहासंबंधीची पत्रे आणि निवेदने वाचायला मिळतात. दादा मूळचे निफाड तालुक्यातल्या खेड्यातून आले असे तुम्ही लिहिता, तेव्हा रामकुंडावरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्या गावाच्या पानावर घराण्यातल्या माणसांची नावे, कोण कशासाठी आले त्याच्या नोंदी आणि कदाचित दादांच्या वडिलांची सहीसुद्धा सापडेल. अर्थात त्या वहीतून दादांच्या मनात काय होते ते कळणार नाही, आणि खंडांमध्ये त्यांचे नाव मिळण्याची आशाही धरू नका. मिळतील त्या तारखा, कोणत्या दिवशी काय घडले त्याचा क्रम आणि गावाच्या त्या वेळच्या वागण्याची कल्पना. तेवढ्यानेही तुमच्या वाक्यांतला ‘नक्कीच’ आणि ‘अर्थातच’ बराच गळून पडेल.

दादा कोणत्या बाजूला होते याचा निकाल लागला नाही, तरी लेख अडत नाही. माझ्या मते लेखाचा खरा विषय वेगळाच आहे. पाण्याची गोष्ट घरात केव्हापासून सांगितली जाऊ लागली, कोणी सांगितली आणि ती सांगण्याची गरज कोणाला वाटली, हा तो विषय. पाणी दिल्याच्या गोष्टी मी या गावातल्या कितीतरी घरांत ऐकल्या आहेत. दार लावल्याची गोष्ट आपण होऊन सांगणारे घर मला क्वचितच भेटले. एवढी दारे लावायला आणि लावलेली राखायला माणसे तर लागलीच असतील. स्वातंत्र्यानंतर, राज्यघटना आल्यावर, आपले वडील आत उभे होते असे मुलांना सांगणे कोणाला सोपे गेले असेल? तुमच्या घराने स्वतःला कसे आठवायचे ठरवले, त्याचा छडा लावता आला तर तो लेख एका आजोबांपुरता राहणार नाही. आणि त्यात बदनामी कोणाचीच नाही, कारण आपले वाडवडील बरे निघावेत अशी इच्छा असणे हा गुन्हा नव्हे.

आता आईंकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. ‘दादांची बदनामी नको’ असे त्या म्हणाल्या आणि तुम्ही ते शब्दशः धरले. पण तुमच्याच पत्रानुसार आई लग्न होऊन वाड्यात आल्या त्याच्या काही वर्षे आधी दादा वारले होते. ज्या सासऱ्यांना त्यांनी पाहिलेही नाही, त्यांच्या नावासाठी त्या इतक्या व्याकूळ होतील का? कदाचित होतीलही, सुनांनी घराण्याचे नाव मुलींपेक्षा अधिक जपल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तरीही खर्ड्याचे पाचवे पान पुन्हा वाचा. कोनाड्यातला तो कप तिथे आहे, त्यात वरून चहा ओतणारे भांडे आहे, आणि ते भांडे धरणारा हात आईंचा आहे. लेखातली दादांची गोष्ट ऐकीव आहे. आईंची तेवढी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, आणि पाहणारी त्यांची मुलगी आहे. त्यांना लाज वाटते आहे, असे मला वाटते. ती लाज सासऱ्यांच्या नावामागे उभी आहे.

असे असेल तर त्यांचे मन वळवण्याच्या भरीला पडू नका. कपाचे पान त्यांच्या संमतीवाचून छापणार नाही, असा शब्द आधी द्या आणि तो पाळा. ‘मी आहे तोवर’ या शब्दांत त्यांनी तुम्हाला एक मुदत दिली आहे. ती मुदत लवकर सरावी असे कोणत्याही लेखिकेला वाटू नये. शब्द दिल्यावर त्यांच्याशी बोला, पण मुलाखत घेतल्यासारखे नको. दुपारी त्या मेथी निवडत असतील तर चार जुड्या तुम्हीही पुढ्यात ओढा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारा, चोरून करू नका. घरातल्या माणसाचा आवाज चोरून घेतला की पुढे तो माणूस बोलत नाही. ‘तुला तेव्हा ते चूक वाटत नव्हते का?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका, त्याला उत्तर नसते, फक्त बचाव असतो. त्याऐवजी विचारा की तो कप धुवायचे कोण. कान केव्हा तुटला, आधी तुटला म्हणून कोनाड्यात गेला की कोनाड्यात असताना तुटला. चहा कोनाड्याशी द्यायचा, ही रीत त्यांना कोणी दाखवली. एकवीस वर्षांच्या नव्या सुनेने तो कप विकत आणून तिथे ठेवला नसणार. तो तिला त्या घरात मिळाला. तिने तो तिथेच राहू दिला, हेही खरे, आणि वाडा सुटल्यावर नव्या घरात तसा कोनाडा केला नाही, हेही तितकेच खरे. तो कप शेवटी कुठे गेला, हे तुमच्या खर्ड्यात नाही. आईंना ठाऊक असेल.

आणि तुम्ही स्वतः? पत्रात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही ओझरते लिहून गेलात की सात वर्षांच्या असताना तो कप कोनाड्यातून काढून ओट्याच्या कडेला ठेवण्याचे काम तुमचे असे. हे वाक्य लेखात नाही. लेखात आजोबा आहेत, आजी, आई, आत्या आहेत, सगळ्यांच्या चुका आहेत, आणि तुम्ही फक्त पाहणाऱ्या आहात. ते वाक्य लेखात घ्या. कपाच्या पानाला ते पहिले वाक्य म्हणून शोभेल. सात वर्षांच्या मुलीला दोष कोणी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. कपाला हात लावताना तुम्हाला काय सांगितलेले होते, परत ठेवल्यावर हात धुवायला लावत का, एवढे लिहा. मग घराण्याला चव्हाट्यावर आणल्याचा आरोप भावाला तितका सोपा राहणार नाही, कारण चव्हाट्यावर सगळ्यांत पुढे तुम्ही स्वतः उभ्या असाल.

ही वाट आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईने फार पूर्वी घालून दिली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’त वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, पतीचा शीघ्रकोप आहे, आणि पतीच्या धर्मांतरानंतरही काही काळ स्वतः पाळलेले सोवळेओवळेही आहे. या सगळ्यात हसू सर्वांत जास्त कोणाचे केले असेल तर लक्ष्मीबाईंनी स्वतःचे. त्यामुळे वडिलांवर आणि पतीवर लिहिताना त्यांना कोणाची परवानगी मागितल्यासारखे लिहावे लागले नाही. त्यांच्या शैलीची नक्कल करू नका, ती कोणाला जमलेली नाही. त्या घरातल्या गोष्टीत कुठे उभ्या राहिल्या, तेवढे पाहा.

आता ज्या बाईंसाठी तो कप होता, त्यांच्याविषयी. खर्ड्यात त्यांना नाव नाही. त्या येतात, चहा घेतात आणि जाताना म्हणतात, ‘‘देव सगळ्यांचाच असतो, बाई.’’ मनावर हात ठेवून सांगा, हे वाक्य तुम्ही ऐकले आहे का? मला ते तुमच्या लेखणीचे वाटते. घराचा अपराध त्यांच्याच तोंडून धुऊन घेण्याची ही सोय आहे आणि ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. एकदा कप वेगळा ठेवला, आता शब्दही आपलेच त्यांच्या तोंडी घालायचे. त्या खरोखर काय बोलत, कोणावर चिडत, सोबत त्यांची मुले येत का, सणाला काय मागून नेत, हे आठवत असेल तर लिहा. नसेल तर ‘मला आठवत नाही’ असे सरळ लिहा. चार दशकांपूर्वी रोज दारात येणाऱ्या बाईचे नाव आठवत नाही, हे वाक्य वाचकाला पुरेसे बोचेल. त्यांचे कुटुंब शहरातच असण्याची शक्यता आहे. नाशिक कितीही वाढले तरी पंचवटीत चार ठिकाणी विचारले की माणूस सापडतो. त्यांची ओळख पटेल असा तपशील द्यायचा असेल तर त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि त्यांना भेटलातच तर आपल्या घरासाठी क्षमा मिळवायला जाऊ नका, त्यांना तिच्यात रस असेलच असे नाही. त्यांच्याकडे या वाड्याची त्यांची स्वतःची आठवण असेल, आणि ती तुमच्या लेखात बसणारी असेलच असेही नाही.

श्रद्धेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुम्ही आणि भाऊ दोघांनीही तो गरजेपेक्षा पुढे आणला आहे. भाऊ म्हणतात की तुमचा विश्वास उडाला म्हणून तुम्ही असे लिहिता. तुम्ही उलट बाजूने जवळजवळ तेच म्हणता, की विश्वास उडाल्यामुळे मला आता स्पष्ट दिसते. मला दोन्ही पटत नाही. देव मानणाऱ्या माणसांना ते बंद दार दिसले नव्हते असे थोडेच आहे? सत्याग्रह करणारे रामाच्या दर्शनाचा हक्क मागत होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसलेले साने गुरुजी काही नास्तिक नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, हे दरवर्षी लाखो वारकरी पाहतात आणि तिथे माथा टेकून मगच आत जातात. म्हणजे हा वाद श्रद्धेच्या बाहेरून कोणी आणून टाकलेला नाही, तो तिच्या पोटातच शतकानुशतके चालू आहे.

तेव्हा आजीविषयी लिहिण्याचा अधिकार तुम्हाला पूजा करण्याने मिळणार नाही आणि पूजा सोडल्याने जाणार नाही. आजी काकड आरतीला जात, परत येताना ओल्या लुगड्याच्या ओच्यात तुळस आणि दोन पेढे आणत, आणि तुम्हाला झोपेतून उठवून ते हातावर ठेवत, हे तुम्ही किती छान लिहिले आहे! पण लगेच पुढच्या ओळीत ‘पण’ येतो. ‘पण हीच आजी...’ असे म्हणून तुम्ही आधीचे सगळे परत घेता. तो ‘पण’ काढून पाहा. आजीची भक्ती खरी होती. आजीच्या घरात कप वेगळा होता. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा आणि मध्ये काही घालू नका. त्यांचा मेळ घालणे हे तुमचे काम आहे असे मला वाटत नाही; आजींनाही तो घालावासा वाटला नसेल, आणि नेमकी हीच गोष्ट वाचकाला अस्वस्थ करील. तुम्ही रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावता आणि का लावता ते सांगता येत नाही, असेही लिहिले आहे. ते सांगू नका. नुसता दिवा लावण्याविषयी लिहा: तेल कुठले, वात आत्यांनी दिलेली की दुकानातली, शिकवणीची मुले तेव्हा काय करत असतात. आपल्या अश्रद्धेचे प्रमाणपत्र प्रत्येक लेखाला जोडायची सवय मात्र सोडा.

‘घरच्या आठवणी वगळल्या तर माझ्याजवळ उरते काय?’ या प्रश्नाला मी थोडे खडसावून उत्तर देणार आहे, राग मानू नये. तुमच्या पत्रात इंदिरानगरच्या घराविषयी एकच वाक्य आहे, आणि तेही पत्ता सांगितल्यासारखे. सध्या तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई चहा कशातून घेतात? तो पेला कोणत्या फळीवर असतो? तुमच्या इमारतीत त्यांनी कोणती लिफ्ट वापरावी याची पाटी आहे का, आणि ती लावण्याचे ठरले त्या सभेत तुम्ही होतात का? उत्तरे चांगलीही असतील, मी गृहीत काही धरत नाही. पण १९३० च्या दारावर इतके बारकाईने लिहिणाऱ्या माणसाने आपल्या दाराकडे एकदाही पाहू नये, हे खटकते. शिकवणीला येणारी मुले २०२७ च्या सिंहस्थाविषयी काय विचारतात, पुराच्या दिवशी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले ते बघायला जमलेली गर्दी आपसात काय बोलते, हे तुमच्या पहाटेच्या वहीत उतरू द्या. रोज एक पान नको, चार ओळी पुरेत. आठवणींचे लेखन अशा वहीवर पोसले जाते, कारण आजचे नीट पाहण्याची सवय असलेल्या माणसालाच जुने नीट आठवते.

या सदराकडे अशा तऱ्हेची पत्रे वरचेवर येतात. कोणाला मामाच्या दारूविषयी लिहायचे असते, कोणाला विधवा आत्याला हळदीकुंकवातून वगळल्याविषयी, कोणाला घरातल्या धर्मांतराविषयी. त्या सर्वांना मी एवढेच सुचवतो की लिहिणे आणि छापणे हे दोन निर्णय आहेत आणि पहिला घेताना दुसऱ्याची काळजी करू नये. लिहिताना कोणालाही वगळू नका. छापण्याआधी मात्र लेखात येणाऱ्या हयात माणसांना तो वाचायला द्या, आणि देताना काय विचारता आहात ते स्पष्ट असू द्या. तपशील चुकला असेल तर दुरुस्त करू, मत पटले नसेल तर ते तुमचे मत म्हणून लेखात घेऊ, पण माझे मत मी बदलीनच असे नाही, असे आधीच सांगितले की पुष्कळ भांडणे टळतात. हिंसाचार किंवा अत्याचार सोसलेल्या माणसांना हा नियम लागू नाही. ज्याने इजा केली त्याला खर्डा दाखवण्याचे बंधन कोणावरही नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर दिवाळी अंकाच्या संपादकांना आताच फोन करा आणि लेख बदलतो आहे असे सांगून ठेवा, म्हणजे भाद्रपदात धावपळ होणार नाही. यंदाच्या अंकासाठी दादांच्या दोन गोष्टींचा लेख द्या: वडिलांनी सांगितलेली एक, आत्यांनी सांगितलेली एक, आणि तुम्हाला कागदपत्रांत जे सापडेल ते. कपाचे पान आणि तुमचे सात वर्षांचे वाक्य वेगळ्या वहीत पूर्ण लिहून ठेवा, आई काय सांगतात त्याप्रमाणे त्यात भर घाला आणि ते कधी छापायचे हा विषय सध्या काढूच नका. आडनाव आणि वाड्याचे नाव वगळा, गल्लीही सांगायची गरज नाही; मंदिराचे नाव मात्र बदलता येणार नाही आणि बदलू नये. भावाला नवा खर्डा छापील प्रत काढून द्या, मोबाइलवर पाठवू नका, आणि चुका पेन्सिलने समासात लिहायला सांगा. त्यांना पंधरा दिवस द्या. त्या पंधरा दिवसांत आत्यांकडे एकदा जाऊन या आणि दाराचा प्रश्न विचारून घ्या.